चामखीळ : घोड्याचा केस ते गोवराची लस

दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन आहे. ज्याच्या नावाचा हा रस्ता, तो निकोलस कोपर्निकस पडुआला वैद्यक शिकला होता आणि बिशप असलेल्या मामाच्या प्रकृतीकडेही तोच बघे. आकाशातले मोठे गैरसमज त्याने दूर केले; चामखिळीबाबतचे मात्र अजून शिल्लक आहेत.

त्यांतला पहिला शब्दातच दडलेला. मानेवर, काखेत लोंबणारे मऊ मस आणि बोटांवर उगवणारी खरखरीत गाठ, दोन्हींना मराठीत ‘चामखीळ’च म्हणतात. मसाला देठ असतो. घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधला की रक्त अडते आणि मस वाळून पडते. आजीचा उपाय इथे खरा ठरतो. खरखरीत चामखीळ ही ह्युमन पॅपिलोमा विषाणूची करणी. तिला देठच नाही, केस बांधणार कशाला? मग कोणी चुना लावतो. कातडी भाजते, विषाणू तसाच.

दवाखान्यातले उपाय तरी किती खरे? 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच चाचणीत 250 रुग्णांचे तीन गट केले होते. साध्या चामखिळी 13 आठवड्यांत पूर्ण गेल्या त्यांचे प्रमाण असे : उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन लावलेल्यांत 49 टक्के, रोज सॅलिसिलिक आम्लाचे मलम लावणाऱ्यांत 15, नुसती वाट पाहणाऱ्यांत 8. तळव्यावरच्या चामखिळींत मात्र तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पुढच्या वर्षीच्या ब्रिटिश चाचणीत तर तळव्यासाठी आम्ल आणि गोठवणे दोन्ही 14 टक्क्यांवरच थांबले.

चामखिळीवर लावायच्या चिकटपट्टीची गंमत वेगळीच. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत तिने गोठवण्यालाही मागे टाकले, 85 विरुद्ध 60 टक्के. नंतरच्या चाचण्यांत तो चमत्कार टिकला नाही. रुग्ण जेमतेम 51 होते, हे तेव्हाच लक्षात घ्यायला हवे होते.

गोठवणे दुखते, फोड येतो, आणि सावळ्या कातडीवर पांढरा डाग राहू शकतो. लहान मुलांत बऱ्याच चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात. तिथे थांबणे हाही उपचारच. गाठी पुष्कळ असल्या की भारतातले त्वचारोगतज्ज्ञ आता प्रतिकारशक्तीलाच डिवचतात. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस एका चामखिळीत टोचली की कधी कधी दूरच्याही विरघळतात. अशीच वापरली जाणारी दुसरी एक लस दिल्लीचीच. डॉ. जी. पी. तलवार यांनी मायकोबॅक्टेरियम डब्ल्यू हा जंतू वापरून ती कुष्ठरोगासाठी घडवली. पुढे डॉक्टरांनी ती चामखिळीवरही वापरून पाहिली. या जंतूला नंतर ‘इंडिकस प्राणाय’ हे नाव मिळाले.

मधुमेह असलेल्याने तळव्याला, आणि कोणीही चेहऱ्याला किंवा गुप्तांगाला, दुकानातून आणलेले आम्ल लावू नये. आम्लाने मऊ झालेली चामखीळ ज्या कानशीने घासायची, ती घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नखांना लागू देऊ नये.