रक्ताचा रिपोर्ट खरा कशावरून?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्याकडे बहुधा पाककृतीवर नाहीतर सणावारांवर बोलण्याचा प्रघात आहे. मी रक्त तपासणीवर बोलणार म्हटल्यावर सेक्रेटरीबाई हसल्या. पण आपल्या मंडळाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला स्वस्तातले तपासणी शिबिर भरवावे असे चालले आहे, म्हणून हा विषय मी मुद्दाम घेतला. रिपोर्टातल्या आकड्यावर गोळी चालू होते, बंद होते, कधी ऑपरेशनही ठरते. तो आकडा खरा कशावरून, हे विचारायला नको का?

मी सातवी शिकलेली. सांगते ते माझ्या भाचीकडून समजून घेतलेले आहे. ती एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे.

गेल्या वर्षी आमच्या जाऊबाईंच्या सुनेला सातवा महिना होता. एके ठिकाणी तिचे हिमोग्लोबिन ६.८ निघाले. रक्त चढवावे लागणार म्हणून घरात रडारड झाली. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे तपासले तर १०.१! एका रात्रीत एवढे रक्त वाढत नाही, हे कोणासही कळेल. तिसरीकडे पाहिले तेव्हा दहाच्या आसपासच आले आणि रक्त चढवणे टळले. पहिल्या ठिकाणी काय चुकले ते शेवटपर्यंत कळले नाही. भाची म्हणाली, नळीवर नाव दुसऱ्याचे लागले असेल, किंवा रक्त घेतल्यावर नळी हलक्या हाताने उलटसुलट न केल्यामुळे आत गुठळी झाली असेल. यंत्र बिचारे नळीत जे येईल ते मोजते.

आपल्या शिबिराला हेच लागू आहे. चामटोलीत सकाळी आठला रक्त घ्यायचे, पोरगा पिशवी मोटरसायकलला अडकवून दहा गावे फिरणार आणि दुपारी नमुना यंत्रापाशी पोचणार. रक्तातल्या पेशी नळीतसुद्धा साखर खात असतात. साध्या नळीत रक्त तसेच ठेवले तर तासाला शंभरात पाच-सात भाग साखर कमी होते. मग मधुमेह असलेल्या बाईला रिपोर्ट सांगणार, तुम्ही ठणठणीत! म्हणून साखरेसाठी करड्या बुचाची निराळी नळी असते आणि नमुना लवकर पोचवावा लागतो.

काम बाहेर बिघडते आणि बोल प्रयोगशाळेला लागतो, याचे एक मोठे उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. ते तपासणीचे नाही, लशीचे आहे, पण बोध तोच. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली आणि १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा चालू लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल (आता पाकिस्तानात) या गावी परळहून गेलेल्या एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसे पुढे धनुर्वाताने दगावली. चौकशीत ठपका परळवर आला आणि हाफकिनना कामावरून दूर व्हावे लागले. पण बूच काढताना तिथल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. १९२५ मध्ये त्या संस्थेला त्यांचेच नाव दिले. पाच वर्षे त्या माणसाने काय सोसले असेल!

आता चांगली प्रयोगशाळा ओळखावी कशी? ती आधी स्वतःची परीक्षा घेते. सकाळी पहिल्या रोग्याच्या आधी, ज्याचे उत्तर ठाऊक आहे असा नमुना यंत्रात घालतात. उत्तर ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले तर कारण सापडेपर्यंत कोणाचाही रिपोर्ट द्यायचा नाही. शिवाय बाहेरची परीक्षाही असते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजकडून प्रयोगशाळांना नमुने येतात, उत्तर झाकलेले. आपले उत्तर कळवायचे आणि इतरांशी ताडून पाहायचे.

वाण्याच्या मापावर सरकारी शिक्का असतो तसा प्रयोगशाळांसाठी एनएबीएलचा शिक्का आहे. आयएसओ १५१८९ या नियमावलीप्रमाणे तपासून तो देतात. फरक एवढा की तो घेण्याची सक्ती नाही. मात्र २०२० मध्ये खाजगी प्रयोगशाळांना करोनाची तपासणी करू देताना तो असण्याची अट घातली होती. आणखी एक लक्षात ठेवा: शिक्का दुकानाला नसतो, मापाला असतो. ज्या तपासण्यांची नावे यादीत आहेत, तेवढ्यांपुरताच तो खरा.

लहान प्रयोगशाळांना हा खर्च आणि ही लिखापढी एकदम पेलत नाही, हेही खरे. त्यांच्यासाठी २०१९ मध्ये साध्या नेहमीच्या तपासण्यांची एक पहिली पायरी काढण्यात आली. आफ्रिकेतल्या गरीब देशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ पासून पायरीपायरीने तारे देण्याची पद्धत घातली, पाच ताऱ्यांपर्यंत. मला ही रीत आवडते. शाळेत पहिलीतल्या मुलाला कोणी मॅट्रिकचा पेपर देत नाही.

रिपोर्टावरची सहीही पाहावी. पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पदवी किंवा पदविका असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले आहे. नुसती छापील सही दिसली तर डॉक्टर कोण, कुठे बसतात, हे विचारायला लाजू नये.

शिबिरासाठी जे स्वस्त दरपत्रक आले आहे त्यात चाळीस तपासण्या लिहिल्या आहेत. शिक्का कशाकशाला आहे, नमुने किती वेळात पोचणार आणि बर्फाच्या पेटीतून नेणार का, नळीवर नाव आपल्यासमोर लिहिणार का, सही कोणाची, यांतले काहीही त्यात नाही. हे प्रश्न मी कागदावर उतरवून सेक्रेटरीबाईंच्या हाती देत आहे. उत्तरे लेखी आली की मगच तारीख ठरवू. चाळीस नकोत, चारच तपासण्या झाल्या तरी मला चालतील.