आडाखा आणि त्याची कसोटी



बारामती-इंदापूरकडच्या काळ्या रानात पाऊस उघडला की शेतकरी मूठभर माती उचलतो, दाबून तिचा लाडू करतो व खाली टाकतो. लाडू फुटून माती मोकळी झाली, तर वाफसा आला असे समजून तो पाभर बाहेर काढतो. माती चिकटून राहिली, तर एक-दोन दिवस थांबतो. ओल मोजण्याचे यंत्र त्याच्यापाशी नसते, तरी निर्णय बहुधा बरोबर ठरतो. अशा व्यवहारी नियमास आडाखा म्हणतात.

आडाख्यास अडाणीपणा समजू नये. वेळ थोडा, माहिती अपुरी आणि निर्णय तर आजच घ्यावयाचा, अशी मनुष्याची स्थिती असते. तेव्हा तो सर्वोत्तम मार्ग शोधीत न बसता पुरेसा चांगला मार्ग पत्करतो, हा विचार अमेरिकन विद्वान हर्बर्ट सायमन यांनी मांडला. त्यांना १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हेच आडाखे मनुष्याला ठरावीक रीतीने चकवितात, हे ट्वर्स्की व कानेमन यांनी १९७४ साली दाखवून दिले.

आडाखा कसा चकवितो, याचा धडा नीरेच्या खोऱ्यातच आहे. ‘पाणी अधिक, तर पीक अधिक’ हा कोरडवाहू मुलखातला अनुभवाचा आडाखा. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला. परिस्थिती पालटली, आडाखा मात्र तोच राहिला. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत पाणी साचत गेले, भूजल वर चढले आणि त्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागावर पांढरे फुटले. या खारवट जमिनींची पाहणी करून हॅरल्ड मान यांनी १९१० च्या सुमारास त्यांविषयी लिहिले. जमिनीचा दोष नव्हता. कोरड्या रानाचा नियम ओल्या रानात नेला गेला होता.

शाळेतही असेच घडते. ‘अडखळत वाचतो तो मंद’ हा शिक्षकाचा जुना आडाखा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबातले मूल वर्गात मध्येच येऊन बसते व अडखळते. वर्षभर शाळेत येणाऱ्या मुलांवरून बांधलेला नियम त्याला लागू पडत नाही. तेच मूल कदाचित मोळ्यांचा हिशेब तोंडी चोख करीत असेल. पण ‘मंद’ हा शिक्का एकदा बसला की त्याला प्रश्न विचारले जात नाहीत, आणि प्रश्नच नाहीत म्हणून ते खरोखर मागे पडते.

यासाठी शिक्षकाने तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, आडाखा कोणत्या परिस्थितीत जन्मला हे पाहावे. दुसरी, अंदाज आधी लिहून ठेवावा व मग पडताळावा. ही सवय मुलांनाही सहज लावता येते. ज्वारीचे १०० दाणे घेऊन किती उगवतील याचा अंदाज मुलांकडून फळ्यावर लिहून घ्यावा. दाणे ओल्या गोणपाटात ठेवावेत आणि चार-पाच दिवसांनी मोड मोजावेत. तिसरी, चूक उद्या सुधारता येत असेल, तेथे आडाख्यावर खुशाल चालावे. परंतु जेथे चुकीची किंमत मुलाला भरावी लागेल, तेथे दुसऱ्यांदा पाहिल्यावाचून निकाल देऊ नये.

शेतकरी वाफसा एकदाच पाहून वर्षभर पेरीत नाही. प्रत्येक पावसानंतर तो पुन्हा मूठ भरतो. शिक्षकानेही मुलाविषयीचे मत असेच पुनःपुन्हा ताजे करून घ्यावे.