हप्ता किती झेपतो, हे कोण ठरवते?

(बचतगटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



'वित्तीय स्थैर्य' हा शब्द आपण बातम्यांत ऐकतो आणि सोडून देतो. बँकवाल्यांचे काम! पण एका कंपनीचा हप्ता भरायला तुम्ही दुसरीचे कर्ज घेता, तेव्हा त्या स्थैर्याशी तुमची थेट गाठ पडते.

आंध्र प्रदेशात २०१० साली हेच घडले. एकेका बाईच्या डोक्यावर अनेक कंपन्यांची कर्जे होती. जुने कर्ज नव्यातून फिटत होते, म्हणून कागदावर वसुली उत्तम दिसे. मग आत्महत्यांच्या बातम्या आल्या, ऑक्टोबरात राज्य सरकारने अध्यादेश काढला आणि वसुली जवळजवळ थांबली. घाबरलेल्या बँकांनी इतर राज्यांतही या कंपन्यांना पैसे देताना हात आखडला. ज्यांनी कधी हप्ता चुकवला नव्हता, त्या बायकांनाही झळ लागली.

एकेक कंपनी नव्हे, तर सगळी पतव्यवस्थाच एकदम कोसळू नये म्हणून जे धोरण आखतात, त्याला 'मॅक्रोप्रुडेन्शिअल' म्हणतात. शब्द विसरा, पण त्याच जातीचा एक नियम लक्षात ठेवा. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण सूक्ष्मकर्ज देताना, त्याच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली ठरवले. त्याच वेळी व्याजावरची जुनी मर्यादा मात्र काढून टाकली.

नियम हवाच होता. पण २० हजारांतले १० गेले तर घर कसेबसे चालते. ८ हजारांतले ४ गेल्यावर चार माणसांनी खायचे काय? शिवाय उत्पन्न मोजायचे कुटुंबाचे आणि हप्ता भरायचा बाईने. नवऱ्याची मजुरी तिच्या हाती येते की गुत्त्यावर जाते, हे कोण विचारतो? एका वस्तीत मी अर्ज वाचून दाखवत होते, तेव्हा एक ताई म्हणाल्या, "हे १८ हजार कुणाच्या घरात येतात?" आकडा एजंटानेच टाकला होता, नियमात बसेल एवढा. असे घरोघरी झाले, तर रिझर्व्ह बँकेलाही आंध्रसारखेच कागदावरचे चित्र दिसणार.

म्हणून सहीआधी अर्ज वाचून घ्या. कर्जाचे कार्ड आपल्याला समजेल अशा भाषेत मिळायला हवे. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर तगादा लावता येत नाही, हेही नियमांतच आहे.

आता ज्यांनी अर्जाची प्रत आणली आहे, त्यांनी पुढे या. आधी उत्पन्नाचा आकडा पाहू.