गोळी लपवू नका

आमच्या घरी एक बाटली होती. वर लेबल जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचं आणि आत माझ्या धाकट्या भावाच्या स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या. पाहुणे आले की आई तीही फडताळात सरकवायची. आम्हाला वाटे, आपण त्याची अब्रू राखतो आहोत.

पंचविसाव्या वर्षी त्याला हा आजार झाला. कानात आवाज यायचे, शेजारी कट करताहेत असं वाटायचं. औषधांनी तो सावरला, कामावर जाऊ लागला. मग लग्नाचं बोलणं निघालं. ‘आता बरा आहे ना, मग गोळ्या कशाला?’ असं नातेवाईक म्हणू लागले. त्यानं गोळ्या सोडल्या. दोन-तीन महिने काहीच झालं नाही. आम्हीही खूश!

खरा धोका इथंच आहे. औषध सोडलं की हा आजार बहुधा लगेच उलटत नाही. काही आठवड्यांनी, महिन्यांनी उलटतो. त्यामुळे दोन्हींचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. चौथ्या महिन्यात त्यानं खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली. त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. ठरत आलेलं लग्नही मोडलं.

सावरल्यावर मी विचारलं, ‘का सोडल्यास रे?’ तो म्हणाला, ‘ताई, हात थरथरायचे, वजनही वाढलं होतं. पण तुम्हीच गोळ्या लपवत होतात. मला वाटलं, गोळी घेणं म्हणजेच काहीतरी वाईट.’

मी खजील झाले. थरथर, सुस्ती, वाढतं वजन हे त्रास खरे असतात. ते डॉक्टरांना सांगावेत. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. काही औषधांचं महिन्यातून एकदा इंजेक्शनही मिळतं. आपल्या मनानं मात्र बंद करू नये. पण हे बोलायला आधी आजाराचं नाव घेता आलं पाहिजे. २००४ साली ‘देवराई’ चित्रपटानं ते नाव अनेक मराठी घरांत पोचवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं या आजारांना विम्यात शारीरिक आजारांच्या बरोबरीनं बसवलं. १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून मोफत सल्ला मिळतो. घरातली लाज मात्र घरानंच काढायची असते.

आता ती बाटली नाही. जेवणानंतर बाबा रक्तदाबाची गोळी घेतात, भाऊ त्याची. लग्न अजून जमलेलं नाही, नोकरी आहे. परवा मावशीनं विचारलं, ‘कसली रे गोळी?’ त्यानं आजाराचं नाव सांगितलं. मावशी क्षणभर गप्प झाली. मग तिनंच पाण्याचा पेला त्याच्यापुढं सरकवला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)