विलंब करूं नका



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं बाळंतपणांतील संकटांविषयीं बोलावें, हें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु ज्या देवळांत आपण बाळाचा बाप्तिस्मा करितों, तेथेंच त्याच्या आईसाठीं मृतांची मिस्सा म्हणण्याची पाळी येऊं नये, एवढाच आमचा हेतु आहे.

२०१८ ते २०२० या काळांत आपल्या देशांत दर १ लाख जिवंत जन्मांमागें ९७ माता दगावल्या; महाराष्ट्रांत ३३. यांतील बहुतेक मृत्यु टाळतां येण्याजोगे असतात. ते कां टळत नाहींत? १९९४ सालीं थॅडियस व मेन या दोन अभ्यासकांनीं तीन विलंब दाखवून दिले: घरीं निर्णय घेण्यांत, वाटेंत, आणि रुग्णालयांत उपचार मिळण्यांत. पैकीं पहिला सर्वस्वी आपल्या हातीं आहे.

गरोदरपणीं डोकें अतिशय दुखणें, डोळ्यांपुढें अंधारी येणें, तोंड व हात सुजणें, हें पित्त किंवा दृष्ट समजूं नये. रक्तदाब १४०/९० वा अधिक असेल तर डॉक्टरांचा सल्ला तत्काळ घ्यावा. झटके आल्यास तिला डाव्या कुशीवर वळवावें, तोंडांत कांहींही घालूं नये, व रुग्णालयांत न्यावें. मॅग्नेशियम सल्फेट हें तिचें औषध तेथेंच मिळतें. अंगावरून रक्त जाणें, वेळेपूर्वीं पाणी जाणें, बाळाची हालचाल मंदावणें, ताप येणें, यांतही थांबूं नये.

बाळ जन्मलें म्हणजे संकट टळलें, असें नाहीं. गर्भाशय आकसलें नाहीं तर रक्त थांबत नाहीं, आणि धडधाकट बाईही कांहीं तासांत हातची जाते. म्हणूनच बाळ जन्मतांच ऑक्सिटोसिनचें इंजेक्शन देतात. पुढील सहा आठवडे ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, धाप यांकडेही लक्ष असावें.

"घरधनी येऊं द्या", "उजाडूं द्या", हे शब्द अशा वेळीं घरांत उच्चारूं नयेत. सातव्या महिन्यांतच रुग्णालय कोणतें, गाडी कोणाची, सोबत कोण, रक्त कोण देणार, हें ठरवून ठेवावें. १०८ हा क्रमांक घरांतील मुलांसही पाठ असावा. आणि शेजारणीची हांक येतांच आपण सर्वांनीं धांवून जावें. शेजारधर्म तो हाच, असें आम्ही मानितों.