हाड मोडल्यावरचे पहिले काही तास



केळीचे घड भरून निघालेला ट्रॅक्टर बांधावरून घसरतो आणि ट्रॉलीवर बसलेला गडी खाली येतो. मांडी वाकडी झालेली दिसते. चार माणसे जमतात. एक म्हणतो, "आधी हाडवैद्याकडे न्या." दुसरा म्हणतो, "तालुक्याला चला." तालुक्याचा दवाखाना पुढे पाठवतो. पुढच्या ठिकाणी हाडाचे डॉक्टर नसतात, म्हणून तिसरीकडे. रावेर-यावलपासून शिरपूर-साक्रीपर्यंत ही गोष्ट कोणाला नवी नाही.

आता तिची मोजदादही झाली आहे. भारतासह 18 गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हाड मोडलेल्या 31,000 हून अधिक रुग्णांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाले. जे रुग्ण उशिरा पोहोचले, त्यांच्या उशिराचे सर्वांत जास्त वेळा आढळलेले कारण होते एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात पाठवणी! म्हणजे माणूस घरातून वेळेवर निघतो, पण वाटेतल्या दारांवर वेळ जातो.

तासांचा एवढा हिशेब कशाला? मांडीचे हाड मोडले की वरून थेंब दिसला नाही तरी आत लिटरभर रक्त साचू शकते. रक्तस्रावावर 'ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड' नावाचे जुने, स्वस्त औषध आहे. 40 देशांतल्या 20,000 हून अधिक जखमींवर ते तपासले गेले. त्यांत आपल्या देशातलेही पुष्कळ होते. 2010 साली दिसून आले की, या औषधाने मृत्यू कमी होतात. पुढच्याच वर्षी अधिक बारकाईने पाहिले, तेव्हा कळले की ते पहिल्या तीन तासांतच द्यायला हवे. त्यानंतर दिले तर उपयोग नाही, उलट अपाय होऊ शकतो. तीन तास! आपल्याकडे तेवढा वेळ कधी कधी गाडी ठरवण्यातच जातो.

म्हाताऱ्या माणसांचे निराळे. आजी मोरीत घसरते, खुबा मोडतो. घरचे म्हणतात, "वय झाले, आता कशाला कापाकापी? पडून राहू द्या." पडून राहिलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो. 17 देशांतल्या 2,970 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींची शस्त्रक्रिया निदानानंतर सुमारे सहा तासांत केली, काहींची सुमारे चोवीस तासांनी. मृत्यूंच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत भ्रम होण्याचे प्रमाण कमी होते, ती माणसे लवकर उभी राहिली आणि लवकर घरी गेली. आजी स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत जाते की नाही, याला घरात फार किंमत असते.

हाडवैद्याची मी टिंगल करणार नाही. साध्या मुरगळीला त्याचा हात हलका असतो. पण मोडलेल्या हाडावर घट्ट पट्टी बांधली, बोटे थंड आणि निळी पडली, तर पाय गमावण्याची पाळी येते.

मग करायचे काय? वाकडे झालेले अंग ओढून सरळ करू नका. आहे तसेच, दोन्ही बाजूंनी बांबूच्या कामट्या आणि मऊ कापड लावून सैलसर बांधा. 108 ला फोन करा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून धावते. जखमीला मदत करणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीने कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा पोलिसांच्या भीतीने मागे सरू नका.

गुरुजींना एक विनंती. धुळ्याला आधीपासून आणि जळगावला 2018 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिवाय तालुक्याची रुग्णालये आहेत. यांपैकी कोठे हाडाचे डॉक्टर रात्रीही मिळतात, कोठे शस्त्रक्रिया होते, हे एखाद्या रविवारी प्रत्यक्ष जाऊन विचारा. ती माहिती फोन क्रमांकांसह शाळेच्या फळ्याशेजारी लावा, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारून दुरुस्त करा.