साच्याचा खर्च कोणत्या वर्षाचा?

श्रोतेहो, पेण तालुक्यातील जोहे गाव गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे, हे आपण जाणताच. मूर्ती एका भाद्रपदात विकली जाते. साचा मात्र अनेक भाद्रपद पाहतो. मग साच्याचा खर्च कोणत्या वर्षाच्या माथी लिहावा?

समजा, नव्या साच्याला ६०,००० रुपये लागले आणि तो चार हंगाम टिकणार आहे. साचा सोडून बाकी खर्च वजा जाता कारखान्यात दरसाल ४०,००० उरतात. सारा खर्च पहिल्याच वर्षी लिहिला, तर त्या वर्षी २०,००० तोटा दिसेल आणि पुढे तीन वर्षे ४०,००० नफा. दोन्ही चित्रे फसवी! दरसाल १५,००० लिहावेत, म्हणजे खरी कमाई २५,००० निघते. जो ४०,००० नफा समजून लग्नकार्यात खर्चून बसला, त्याला पाचव्या वर्षी नव्या साच्यासाठी कर्ज काढावे लागते.

गंमत अशी, की युरोपातील फुटबॉल क्लबही हाच हिशेब करतात. २०१७ साली पॅरिस सेंट जर्मेन या क्लबने बार्सिलोनाला २२ कोटी २० लाख युरो मोजून नेमार हा खेळाडू घेतला. करार पाच वर्षांचा. म्हणजे वाटणी दरसाल ४ कोटी ४४ लाखांची. पुढे कोणी आठ-आठ वर्षांचे करार करून वार्षिक बोजा हलका करू लागले. तेव्हा युरोपच्या फुटबॉल संघटनेने २०२३ साली ठरवले, की करार कितीही लांब असो, आमच्या हिशेबात वाटणी फार तर पाच वर्षांची. बरोबरच आहे, कागदावर आयुष्य वाढवले म्हणून साचा जास्त टिकत नाही.

आणि साचा मध्येच निकामी झाला तर? २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. समजा, दोन हंगामांनंतर एखाद्याने प्लास्टर सोडून शाडू धरला आणि जुना साचा पडून राहिला. तर उरलेले ३०,००० त्याच वर्षी तोट्यात लिहावेत. पुढे ढकलू नयेत.

मात्र एक ध्यानात ठेवा. वहीत १५,००० लिहिले म्हणून ते गल्ल्यात जमत नाहीत. विसर्जनानंतर हिशेब होताच तेवढी रक्कम पोस्टात किंवा बँकेत वेगळी टाकावी.

शिक्षकबंधुभगिनींनो, हे गणित फळ्यावर मांडा आणि मुलांना विचारा : तिसऱ्या वर्षाअखेर साच्याची किती किंमत उरली? जोह्याची मुले चटकन सांगतील, १५,००० रुपये.